भरपाई घेतली म्हणजे माफ केलं का?

आमच्या वस्तीच्या विहारात एका रात्री मीटिंग भरली. मीटिंग कसली, तंटाच होता तो. आठ दिवसांपूर्वी बाजाराहून येणारी एक खासगी बस आणि समोरून येणारी एक मोटार वळणावर समोरासमोर धडकल्या. दोन जीव गेले. एक, मोटार चालवणारा तिशीतला इंजिनियर. दुसरी, बसच्या पुढच्या बाकावर बसलेली आमच्या गल्लीतली आक्का. वयाने तीसच वर्षांची, पण सगळ्यांची आक्का. ऊसतोडीला जायची, हंगाम संपला की मिळेल ते काम धरायची. आणि बस चालवणारा पोरगाही आमच्याच वस्तीतला. त्याचा पाय मोडला. पोलिसांनी दवाखान्यातल्या खाटेवरच त्याचा जबाब घेतला आणि गुन्हा त्याच्या नावावर दाखल केला. दीड दिवस तो स्टेअरिंगवरून उतरला नव्हता. बदली ड्रायव्हर आला नाही म्हणून मालकाने त्यालाच पुढे पिटाळलं होतं. जबाबात यातला एक शब्द आला नाही. जबाब लिहिणाऱ्याने विचारलं नाही आणि याला वाटलं, आपण सांगून काय उपयोग.

वकिलाचा माणूस वकीलपत्रावर सही घ्यायला आला होता. आक्काचा नवरा, आम्ही त्याला मामा म्हणतो, कागद पुढ्यात घेऊन बसला होता. सही करीत नव्हता. दाराशी ड्रायव्हर पोराची आई पदर तोंडाला लावून बसली होती. मामा एकदम म्हणाला, "मला एवढंच सांगा. मी हे पैसे घेतले म्हणजे मी त्यांना माफ केलं असं होतं का? आन् नाही घेतले तर माझ्या पोरांनी काय खायचं?"

कुणी बोलेना. मग तीन जण तीन बोलले. एक म्हातारा म्हणाला, "नशिबात होतं, कुणाचा दोष काढता?" एक तरणा कार्यकर्ता म्हणाला, "हा रक्ताचा पैसा आहे, थुंका त्याच्यावर, मोर्चा काढू." तिसरी एक बाई म्हणाली, "घे बाबा, पोरांकडं बघ." मी शिकलेला म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर आलं नाही. त्या रात्रीपासून मी जो विचार केला, तो इथे मांडतो. आपल्या पोरांना उद्या हाच प्रश्न पडणार आहे. २०२२ या एका वर्षात या देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं मेली. हा सरकारी आकडा आहे. यातली पायी चालणारी किती, सायकलवरची किती, टपावर आणि ट्रॉलीत बसलेली किती, ते तुम्ही आपापल्या वस्तीतल्या मयतांवरून ओळखा.

पहिलं उत्तर आधी निकालात काढू. नशीब. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण दीक्षाभूमीवर जे टाकून आलो, त्यात हेही होतं. मागच्या जन्माचं पाप म्हणून या जन्मी महारवाडा, हा हिशेब बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये साफ नाकारला. मग मागच्या जन्माचं पाप म्हणून बसच्या पुढच्या बाकावर मरण, हा हिशेब आपण कसा मानायचा? नशीब हा शब्द गुन्हेगाराच्या सगळ्यात सोयीचा आहे. आपण एकदा नशीब म्हटलं की पंचनामा संपला. वळणावर झाड वाढून समोरचं दिसत नव्हतं. ते कुणी तोडायचं होतं? रस्त्याची कड खचली होती. ती कुणी भरायची होती? ड्रायव्हरला झोप नव्हती. ती कुणी घेतली? ही सगळी माणसांची कामं आहेत. जिथे माणसाचं काम आहे तिथे जबाबदारी आहे, आणि आपला धम्म तिथूनच सुरू होतो.

दुसरं उत्तर अभिमानाचं आहे. रक्ताचा पैसा. त्या तरण्या मित्राचा संताप मला कळतो. आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या हात पसरून घेतलं. बलुतं घेतलं, शिळं घेतलं, मेलेल्या ढोराचं मांस घेतलं. त्यामुळे कुणी पैसा पुढे केला की आपल्याला वाटतं, हा पुन्हा तुकडा टाकतोय. पण मित्रा, दान वेगळं आणि देणं वेगळं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं. गावाच्या मर्जीवरची भीक नको, केलेल्या कामाचा ठरलेला मोबदला हक्काने पाहिजे, ही त्यामागची मागणी होती. भरपाई याच जातीची गोष्ट आहे. कुणी दया येऊन देत नाही. कायद्याने द्यावी लागते, कोर्टात भांडून घ्यावी लागते. ती न घेण्यात आपला स्वाभिमान दिसतो खरा, पण फायदा विमा कंपनीचा होतो. आपण थुंकलो की तिचे पैसे वाचतात.

म्हणजे तिसरं उत्तर बरोबर का? घे बाबा? हो, पण अर्धंच बरोबर. कारण मामाचा प्रश्न पोटाचा नव्हता. तो न्यायाचा होता. त्याच्या उत्तरासाठी दोन गोष्टी उकलून बघाव्या लागतात. दोष कसा वाटला जातो, आणि जिवाची रक्कम कशी काढली जाते.

आधी दोष. कोर्टाचा हिशेब असा. दोन गाड्या धडकल्या, तर कुणाचा निष्काळजीपणा किती टक्के, ते न्यायाधिकरण ठरवतं. सत्तर-तीस, साठ-चाळीस, निम्मा-निम्मा. २००६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे बस आणि मारुती मोटार यांच्या समोरासमोरच्या टकरीचं एक प्रकरण आलं होतं. त्यात दोष निम्मा-निम्मा धरला गेला. विचार असा, की एक गाडी दुसरीच्या कुशीत शिरली असती तर गोष्ट वेगळी. नाकावर नाक आपटलं म्हणजे दोघांनीही बघायला पाहिजे होतं. आता जो चालक स्वतः मेला त्याच्यावर निम्मा दोष आला, तर त्याच्या बायकापोरांची भरपाई निम्मी होते. मेलेल्याचा दोष त्याच्या वारसांच्या रकमेतून कापला जातो.

पण आक्का? ती गाडी चालवत नव्हती. तिकीट काढून बसली होती. इथे कायद्यात एक चांगली गोष्ट आहे आणि ती प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावी. प्रवाशाचा काही दोष नसेल, आणि दोन चालकांच्या एकत्रित चुकीने तो मेला असेल, तर त्याचे वारस पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकतात. बसवाल्याने आणि मोटारवाल्याने आपसात किती वाटून घ्यायचं ते त्यांचं ते बघतील. "आधी मोटारवाल्याकडून निम्मे आणा, मग आमच्याकडे या," असं बसची विमा कंपनी म्हणू शकत नाही. पण म्हणते. आणि आपला माणूस ऐकून परत जातो, म्हणून हे सांगितलं. तसंच मोटारसायकलवर तिघं बसले होते एवढ्यावरून दोष मेलेल्यावर ढकलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलंय. तिघं बसल्यामुळेच अपघात झाला किंवा मार वाढला, हे दाखवावं लागतं. आपल्या वस्तीत एका फटफटीवर तिघं बसतात ते हौसेने नाही बसत.

आता या टक्केवारीकडे जरा विचाराने बघा. कोर्टाची बेरीज नेहमी शंभर होते. बस पन्नास, मोटार पन्नास. संपलं. या शंभरात मालकाचा दीड दिवसाचा हुकूम कुठे बसला? मालक पैसे भरतो, ते नोकराच्या चुकीबद्दल धनी म्हणून. त्याची स्वतःची चूक म्हणून नाही. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात ड्रायव्हरला दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, लांब पल्ल्याला फार तर दहा तास, असं लिहून ठेवलं होतं. साठ वर्षं ते कागदावर होतं. रस्ता बांधणाऱ्याचं बघा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ कलम आलं. रस्त्याच्या सदोष आखणीने किंवा देखभाल न केल्याने माणूस मेला, तर ठेकेदाराला आणि जबाबदार अधिकाऱ्याला दंड. किती? एक लाखापर्यंत. आणि तोही सरकारी निधीत जमा होतो, मेलेल्याच्या घरी येत नाही. म्हणजे ज्याच्या हातात स्टेअरिंग त्याच्या हातात बेडी. ज्याच्या हातात टेंडर त्याला जास्तीत जास्त पावती.

इथे मला चाळीसगाव आठवतं. आपल्यापैकी बहुतेकांनी बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलं असेल. नसेल तर आजच मिळवा, छोटंसंच आहे. १९२९ साल. मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात हिंडत होते. बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. महारवाड्यातली माणसं स्टेशनवर न्यायला आली. महारवाडा दोनेक मैलांवर, मधे नदी. बाबासाहेबांना तासभर फलाटावर ताटकळावं लागलं. मग टांगा आला. दोनशे पावलं गेला नाही तोच एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पोलीस ओरडला आणि मोटारवाल्याने गाडी मागे घेतली, म्हणून. पुढे नदीवरच्या मोरीवर, जिला कठडा नव्हता, नुसते अंतराअंतरावर दगड होते, घोडं उधळलं. चाक दगडावर आपटलं. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, शुद्ध हरपली, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत.

नंतर कळलं ते असं. स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला तयार नव्हता. आणि साहेबांना पायी न्यायचं, हे वस्तीतल्या माणसांना त्यांच्या मानाला शोभणारं वाटेना. तेव्हा तोड निघाली. टांगा भाड्याने देतो, पण हाकणारा तुमचा आणा. आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याने जन्मात कधी टांगा हाकला नव्हता.

दोस्तांनो, या अपघाताचं न्यायाधिकरण भरवा आणि टक्केवारी काढा. हाकणारा शंभर टक्के? कायद्याच्या डोळ्याने तसंच होईल. त्याला येत नव्हतं, तरी बसला. टांगेवाले तर टांग्यात नव्हतेच! ते स्टेशनवर बिडी ओढत बसले असतील. त्यांनी कुणाला ढकललं नाही, हात लावला नाही. हात लावायचा नाही हाच तर त्यांचा धर्म होता. पण त्यांच्या त्या न बसण्यामुळेच बाबासाहेबांचा पाय मोडला. मोरीला कठडा न घालणारा कोण होता? त्याचं तर नावही कुणाला माहीत नाही.

आणि आता अवघड भाग. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना सोडलेलं नाही. आपल्या मानापेक्षा आपला जीव मोलाचा होता हे ती माणसं विसरली, असं त्यांनी स्पष्ट नोंदवलं आहे. शिवी नाही, राग नाही, पण नोंद आहे. आणि त्या नोंदीने टांगेवाल्यांचा दोष एका गुंजेने कमी केलेला नाही. शेवटी बोट आहे ते तिथेच, की हलक्यातला हलका टांगेवालाही बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला वरचा समजतो.

मला यातून जे कळलं ते असं. भरपाई भाकरीसारखी असते. चौघांत वाटली की प्रत्येकाला चतकोर. जबाबदारी तशी नसते. माझी कबूल केली म्हणून तुझी कमी होत नाही. चौघांनी मिळून एकाला बुडवलं तर प्रत्येकाने पाव माणूस बुडवला असं होत नाही, प्रत्येकाने अख्खा माणूस बुडवलेला असतो. कोर्टाला शंभराची बेरीज लागते, कारण कोर्टाला पैसे वाटायचे असतात. आपल्याला, न्याय मागणाऱ्यांना, ती बेरीज बांधील नाही. आणि बघा, कायद्यालाही हे कुठेतरी ठाऊक आहे. नाहीतर आक्काच्या पोरांना पूर्ण रक्कम कुणाही एकाकडून मागायची मुभा त्याने दिलीच नसती.

तेव्हा आपल्या ड्रायव्हर पोराचं काय? तो आपला आहे म्हणून निर्दोष नाही. डोळे मिटत होते तेव्हा त्याने गाडी बाजूला घ्यायला पाहिजे होती. चाळीस माणसं त्याच्या भरवशावर होती. हे आपण विहारात, त्याच्या आईसमोर, बोललं पाहिजे. जात बघून दोष माफ करणं हे गावकीचं काम, आपलं नाही. पण "गाडी बाजूला घे" हे बोलणारा, नोकरी गेली तर उद्या कुठे उभा राहील, हेही त्याच दमात विचारलं पाहिजे. तो पूर्ण जबाबदार आहे, आणि मालक पूर्ण जबाबदार आहे, आणि झाड न तोडणारा पूर्ण जबाबदार आहे. यातलं एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही.

आता रकमेचा हिशेब. हा डोळे उघडे ठेवून वाचा. रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ साली घालून दिलेली आहे. त्यातले पगाराचे आकडे मी धरून चालतो. इंजिनियर तीस वर्षांचा, कायम नोकरी, पगार महिना ८०,०००. वर्षाचे ९,६०,०००. प्राप्तिकर बाजूला ठेवू. पुढे पगार वाढला असता म्हणून चाळिशीच्या आतल्या कायम नोकरदाराला ५० टक्के धरतात. झाले १४,४०,०००. मागे बायको, मूल, आई. तीन जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा. राहिले ९,६०,०००. वय तीस, गुणक १७. एकूण १,६३,२०,०००. तो स्वतः चालवत होता आणि दोष निम्मा ठरला तर ८१,६०,०००.

आक्का. वय तेच, तीस. मागे नवरा आणि दोन पोरं, तीनच जण. पगाराची चिठ्ठी नाही. मुकादमाची उचल कोणत्या रजिस्टरात असते? तेव्हा कोर्ट 'काल्पनिक उत्पन्न' धरतं. समजा १०,००० धरलं. वर्षाचे १,२०,०००. कायम नोकरी नाही म्हणून वाढ ४० टक्के. १,६८,०००. एक तृतीयांश वजा, १,१२,०००. गुणिले १७. एकूण १९,०४,०००.

एकच वळण, एकच मिनिट, एकच वय, मागे तेवढीच माणसं. साडेआठ पटीचा फरक. हातातला पगार आठ पट होता. कोर्टात आल्यावर फरक आणखी वाढला, कारण मजुरीची उद्याची वाढसुद्धा नोकरीच्या वाढीपेक्षा कमी धरली जाते.

कोर्ट जात विचारत नाही हे खरं. ते पगाराची चिठ्ठी विचारतं. पण चिठ्ठी कुणाकडे असते आणि कोयता कुणाकडे असतो, हे या देशात कुणी ठरवलं? 'काल्पनिक' हा शब्द मला झोपू देत नाही. पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापणारी, दिवसभर मोळ्या बांधणारी, रात्री पुन्हा चूल पेटवणारी आक्का. तिचं उत्पन्न काल्पनिक. १९९४ साली या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात न कमावणाऱ्या माणसाचं उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलं होतं. दिवसाला ४१ रुपये. पुढे पाव शतक हा आकडा हलला नाही. घरकाम करणाऱ्या बाया २००१ च्या जनगणनेत भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत, काम न करणाऱ्यांत, मोजल्या गेल्या. यावर खुद्द सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नापसंती दाखवली. २०२१ साली पुन्हा एकदा न्यायालयाने घरकामाला मोल आहे असं सांगितलं आणि २०११ च्या जनगणनेचा दाखला दिला, की घरकाम हेच मुख्य काम सांगणाऱ्या बाया पंधरा कोटी अठ्ठ्याण्णव लाखांच्या घरात आणि पुरुष फक्त अठ्ठावन्न लाख.

लेकरांचं तर ऐका. ३ मार्च १९८९ ला जमशेदपूरला एका पोलाद कंपनीच्या संस्थापकाच्या जयंती सोहळ्यात मांडवाला आग लागली. बायका, पोरं जळून मेली. २००१ साली निकाल देताना दहा ते पंधरा वर्षांच्या पोरांचा हिशेब वर्षाला २४,००० धरून केला गेला. कारण कर्मचाऱ्याच्या एका मुलाला नोकरी देण्याची त्या कंपनीची रीत होती. त्या आईबापांना चार पैसे जास्त मिळाले याचा मला आनंदच आहे. पण तत्त्व काय झालं? लेकराचं मोल बापाच्या धंद्यावरून. हे तत्त्व आपल्या ओळखीचं आहे. फार जुनं आहे.

आता समोरची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कायदा म्हणतो, आम्ही जिवाची किंमत करतच नाही. जीव अमोल आहे. आम्ही फक्त मागे राहिलेल्यांचं जे बुडालं ते भरून देतो. घरात ऐंशी हजार येत होते, ते थांबले. त्यावर घराचं कर्ज होतं, मुलाची शाळा होती. त्या बाईला उद्या एकोणीस लाख देऊन वाटेला लावलं तर तोही अन्यायच. हे खरं आहे. त्या इंजिनियरच्या घरीही तीन वर्षांचं मूल आहे. त्याच्या आईचं रडणं आक्काच्या आईच्या रडण्याहून वेगळं नव्हतं. दवाखान्याच्या आवारात मी दोन्ही ऐकली. त्याच्या घरचं कमी करा, असं मी कधी म्हणणार नाही.

माझा आक्षेप मुळावर आहे. भरपाई म्हणजे अपघाताच्या आधी जसं होतं तसं पुन्हा करून देणं. आधी जे होतं ते ठीक होतं, हे यात गृहीत आहे. इंजिनियरच्या घराला त्याचं घर परत मिळेल. आक्काच्या पोरांना काय परत मिळणार? तीच कोपी, तीच उचल, तोच कोयता. ज्याचं 'आधी'च जखमेचं, त्याला आधीसारखं करून देणं म्हणजे पट्टी सोडून जखम परत देणं. अपघात त्या वळणावर सुरू झाला नाही. आक्का शाळेतून निघाली त्या दिवशी सुरू झाला. त्या अपघाताचा पंचनामा कुणी केला? त्याचा गुणक किती?

मग करायचं काय? समान पाया मागायचा. आणि हे अशक्य नाही, कारण सरकार जिथे मनावर घेतं तिथे करतं. रेल्वे अपघातात प्रवासी मेला तर १ जानेवारी २०१७ पासून भरपाई ८ लाख, सगळ्यांना सारखी. तिथे पगाराची चिठ्ठी कुणी मागत नाही. त्यात रेल्वेच्या तिजोरीचीही सोय आहे, हे मी विसरत नाही. मोटार कायद्यातही १ एप्रिल २०२२ पासून १६४ कलमाखाली कुणाचाही दोष सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख मिळतात. आणि कमाईच्या हिशेबातही एक कोपरा समतेचा आहेच. सहवास गमावल्याबद्दलची रक्कम कलेक्टरच्या बायकोला आणि कोयतेवाल्याच्या बायकोला सारखीच. २०१७ साली ती ४०,००० ठरली, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ. म्हणजे माणूस म्हणून माणसाची जागा कायद्याने ठेवली आहे, पण ती एवढीशी. आपली मागणी एवढीच, की जिथे सगळे सारखे तो भाग मोठा करा. कमाईचा भाग त्यावर खुशाल रचा. पण काल्पनिक उत्पन्न धरायचं तर किमान वेतनाच्या खाली धरू नका, आणि घरचं काम शून्य धरू नका.

हे मोठ्या लढ्याचं झालं. तोवर हातातली कामं. दाव्याची मुदत १ एप्रिल २०२२ पासून अपघातापासून सहा महिने केली आहे. तिला कोर्टात आव्हान आहे, पण त्या भरवशावर बसू नका, दहावा-पंधरावा झाला की कागद गोळा करायला लागा. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वयाचा दाखला. मजुरीचा पुरावा म्हणून मुकादमाची चिठ्ठी, बँकेचं पासबुक, सोबतच्या बायांचे जबाब. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. टक्केवारीवर केस घेणाऱ्याला आधी टक्का विचारा. आणि ड्रायव्हरच्या जबाबात त्याच्या कामाचे तास लिहून घ्यायला लावा. ती एक ओळ नसेल तर मालक पंचनाम्यात कुठेच नसतो.

आता मामाचा प्रश्न. पैसे घेतले म्हणजे माफ केलं का?

नाही, मामा. भरपाईचा दावा वेगळा, फौजदारी खटला वेगळा. दावा केला म्हणून गुन्हा मिटत नाही. पण तुम्ही कायद्याचं विचारत नव्हता, मनाचं विचारत होता. त्याचंही उत्तर नाहीच. घेणं हे पोरांचं येणं आहे. ते सोडून द्यायचा हक्क तुम्हालाही नाही, कारण ते तुमचं एकट्याचं नाही. माफी तुमची एकट्याची आहे. ती कोणत्याही न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाही. तुम्ही ती द्याल, न द्याल, उशिरा द्याल. पण माफी त्यालाच देता येते जो पुढे येऊन 'माझं चुकलं' म्हणतो. विमा कंपनी तसं कधीच म्हणणार नाही. ती फक्त चेक देते. मालक म्हणाला नाही. रस्त्याचा साहेब म्हणाला नाही.

पोरगा म्हणाला. दोन महिन्यांनी कुबडी घेऊन तो मामाच्या दारात आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. म्हणाला, "मामा, मला डुलकी लागली होती. थांबायला पायजे होतं." मामा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हे कोर्टात सांगशील? आन् किती तास झाले होते, तेबी सांगशील?" पोरगा हो म्हणाला. मामाने त्याला आत ये म्हटलं नाही. पण धाकट्या पोरीला म्हणाला, "दादाला पाणी दे."

केस चालू आहे. तारखा पडताहेत. पुढच्या तारखेला तो पोरगा कोर्टात खरं बोलेल की मालकाच्या दडपणाने फिरेल, मला माहीत नाही. त्या दिवशी त्याच्यामागे वस्ती उभी पाहिजे. तो आपला आहे म्हणून नाही. तो स्वतःचा दोष कबूल करून वरच्यांचा दोष सांगणार आहे म्हणून. चाळीसगावच्या मोरीवरून उठलेल्या माणसाने आपल्याला शिकवलं ते हेच. आपलं चुकलं तिथे नोंद करा, आणि बोट मात्र खरा अपघात जिथे सुरू झाला तिथून हलवू नका.

जयभीम.